कमी उत्पन्नात ऑनलाइन व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शुल्क भरताना

ऑनलाइन व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधी कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी सवलत, शिष्यवृत्ती किंवा बिनव्याजी हप्ते आहेत का, हे संस्थेला लेखी विचारावे. अशी सोय पुष्कळदा असते, पण जाहिरातीत ठळकपणे दिसत नाही. कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर अनेक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक साहाय्याचा अर्ज करता येतो, तर फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळावर प्रोग्रॅमिंगचे शिक्षण आणि प्रमाणपत्र दोन्ही मोफत मिळतात.

हप्त्यांचा करार मात्र शब्दन्‌शब्द वाचावा. ‘दरमहा फक्त इतकेच’ असे सांगून दाखवलेली योजना कित्येकदा संस्थेची नसून एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, आणि अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी त्याचे हप्ते सहसा थांबत नाहीत. म्हणून कर्ज देणारा कोण, प्रक्रिया शुल्क किती आणि शुल्क परत मागण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे सही करण्याआधी ईमेलवर लिहून घ्यावे. परीक्षा शुल्क आणि इंटरनेटचा खर्च वेगळा धरावा. नोकरी असल्यास मालकाकडे शुल्काचा काही भाग मागायला मुळीच संकोच करू नये. माझ्या मते एकेक भाग स्वतंत्रपणे विकत घेता येणारा अभ्यासक्रम सर्वांत सोयीचा, कारण ओढाताणीच्या महिन्यात थांबता येते आणि पूर्ण केलेला भाग वाया जात नाही.