कांद्याचं रोप टाकण्याआधी जिवाणू मातीत हवेत

निफाड, येवला, चांदवड पट्ट्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून उन्हाळ कांद्याचं रोप टाकलं जातं. परतीचा पाऊस लांबला की वाफ्यात मर हा बुरशीचा रोग लागतो. जमिनीलगत देठ पिचतो, रोप आडवं होतं. आडवं झालेलं रोप कोणत्याही जिवाणूने उभं राहत नाही.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा उपयोगी जिवाणू मुळाभोवती वाढताना बुरशीला मारक द्रव्यं सोडतो, शिवाय तिथलं लोह ओढून घेऊन बुरशीची उपासमार करतो. पण तो जिवंत हवा, आणि रोगाच्या आधी मुळावर पोचायला हवा.

म्हणून पेरणीच्या आठवडाभर आधी या जिवाणूची 1 किलो भुकटी 50 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ठेवा. एक एकर लागवडीच्या रोपाला एवढं पुरतं. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. वर ओलं गोणपाट टाका, दोन दिवसांनी खालीवर करा. खत हाताला गरम लागत असेल तर ते अजून कुजतंय; त्यात जिवाणू टिकत नाहीत. 15 सेंमी उंचीच्या गादीवाफ्यावर हे खत संध्याकाळी पसरून वरच्या थरात मिसळा. वाफ्यात पाणी साचत असेल तर आधी निचरा करा, नाहीतर हा खर्च वाया जातो.

बियाण्याला किलोमागे 10 ग्रॅम भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा. रासायनिक बीजप्रक्रिया करायची असेल तर ती आधी, जिवाणू शेवटी. लागवडीच्या वेळी लिटरला 5 ग्रॅम घेऊन त्या द्रावणात मुळं अर्धा तास बुडवा.

सगळ्यात जास्त नुकसान ताम्रयुक्त औषधामुळे आणि प्रतिजैविकामुळे होतं. कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा स्ट्रेप्टोसायक्लिनसारखं प्रतिजैविक याच पंपात, याच दिवशी गेलं की जिवाणू मेलेच समजा. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, तीही या द्रावणात मिसळू नका.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख बघाच. स्युडोमोनास बीजाणू (उष्णता, कोरड सोसणारं सुप्त रूप) करत नाही, त्यामुळे पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पुडा पडून राहिला तर आत नुसती भुकटी उरते. बॅसिलस सबटिलिस हा दुसरा उपयोगी जिवाणू बीजाणू करतो, म्हणून जास्त टिकतो. त्याची इट्युरिन, फेंजायसिन ही द्रव्यं बुरशीच्या पेशीचा पडदा फोडतात. द्राक्षात काढणी जवळ आली की भुरी या पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठी तो उपयोगी पडतो, कारण निर्यातीत रासायनिक अवशेषांची अडचण येत नाही. फवारणी मात्र भुरी दिसायच्या आधी, ऊन उतरल्यावर करा.