लांब इंग्रजी शब्दांवरचा जोर चुकत होता, तो असा सुटला

सांगलीत ऑनलाइन मुलाखतींची तयारी करत होतो. ‘फोटोग्राफी’ मराठी सवयीने सपाट म्हणायचो, समोरच्याला शब्दच कळेना. शब्दकोशातली चिन्हं पाठ केली, व्हिडिओ पाहिले. महिना फुकट गेला, डोकं उठलं.

शेवटी हे जमलं. आधी हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा खाली, तितके तुकडे: फ-टॉग्-र-फी, चार. (‘इ’ला ती जेमतेम हलते, लक्ष ठेवा.) मग शब्दाचं शेपूट बघायचं. ‘शन’ किंवा ‘इक’ असेल तर जोर लगेच आधीच्या तुकड्यावर: एज्यु‘के’शन, फोटो‘ग्रॅ’फिक. ‘ग्राफी’, ‘लॉजी’, ‘इटी’ असेल तर शेवटून तिसऱ्यावर: फ‘टॉग्’रफी, बा‘यॉ’लजी. जोराचा तुकडा लांबवायचा, बाकीचे पुसट. ‘पॉ’लिटिक्स मात्र नियमाला जुमानत नाही, तो पाठच करा.