नव्वदचं दशक खरंच भारी होतं का? हा वाद नीट घालायची पद्धत

‘आमच्या वेळची गाणी म्हणजे गाणी!’ हे वाक्य बैठकीत पडलं की पुढचं सगळं पाठ असल्यासारखं घडतं. एक जण नव्वदीतली दहा अप्रतिम गाणी गुणगुणून दाखवतो, दुसरा त्याच काळातले चार भिकार सिनेमे काढतो, आणि तासाभराने दोघेही जिथे होते तिथेच असतात. अशा वादात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते: ते दशक, त्या दशकातलं आज टिकून राहिलेलं, आणि बोलणाऱ्याचं तेव्हाचं वय. त्या सुट्या करता येतात. एक रविवार, सहा-आठ माणसं आणि थोडी कागदपत्री तयारी एवढं पुरतं.

दावा कागदावर उतरवा

‘नव्वदीतलं सगळंच चांगलं होतं’ यावर वाद होऊच शकत नाही, कारण ते खोडता येत नाही. दाव्यात चार गोष्टी हव्यात: कोणता प्रकार, कोणती वर्षं, कशाच्या तुलनेत, आणि कोणत्या बाबतीत. उदाहरणार्थ: ‘१९९० ते १९९९ मधल्या हिंदी चित्रपटगीतांचे शब्द २०१५ ते २०२४ मधल्या गीतांपेक्षा सरस होते.’ आता हे तपासता येईल.

त्यातही एक फोड आधीच करून घ्या. ‘त्या दशकातलं सर्वोत्तम आजच्या सर्वोत्तमापेक्षा वरचं होतं’ हा एक दावा. ‘त्या दशकातलं सर्वसाधारण काम आजच्यापेक्षा बरं होतं’ हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे असतीलच असं नाही. बहुतेक भांडणांत एक जण पहिला दावा मांडत असतो आणि समोरचा दुसरा खोडत असतो.

तारखा तपासा, फार मजा येते

नव्वदीच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या गोष्टी ऐंशीतल्या निघतात. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालचा. ‘रामायण’ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि १९८८ मध्ये संपलं. ‘महाभारत’ ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०, म्हणजे नव्वदीत त्याचे जेमतेम सहा महिने. ‘हम लोग’ तर १९८४ चं. उलट ‘शक्तिमान’ १९९७ चा, तो अस्सल नव्वदीतला. ही गल्लत होते ती पुनःप्रक्षेपणामुळे. आपण जेव्हा पाहिलं तेव्हाचं साल डोक्यात बसतं, आलं तेव्हाचं नाही.

वादाआधी प्रत्येकाने आपली पाच-पाच उदाहरणं लिहून त्यापुढे प्रदर्शनाचं साल टाकावं. ज्यांची साल चुकतील ती बाद. हा नियम कडक वाटत असेल तर काळाची हद्द बदलून घ्या, पण आधी आणि सर्वांच्या संमतीने. आमच्या मते दशकापेक्षा ‘युग’ धरणं जास्त प्रामाणिक ठरतं: १९९१ चं आर्थिक उदारीकरण आणि उपग्रह वाहिन्यांचं आगमन इथून सुरुवात (झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाली), आणि ३ जुलै २००० हा शेवट. त्या एकाच दिवशी ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाले आणि संध्याकाळचा टीव्ही बदलला. अशी हद्द घेतली तर ‘महाभारत’ बाहेर जातं, याची कल्पना मात्र नव्वदीवाल्यांना आधीच देऊन ठेवा.

न निवडलेला नमुना काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, म्हणून ते कुणी करत नाही. आज कानावर पडणारी नव्वदीतली गाणी तीस वर्षांच्या चाळणीतून आलेली आहेत. चालू दशकाची चाळण अजून झालेली नाही. धान्य आणि पाखडलेलं धान्य शेजारी ठेवून कुठलं स्वच्छ हे विचारण्यात अर्थ नाही.

पद्धत अशी. नव्वदीतली तीन वर्षं घ्या, समजा १९९१, १९९४ आणि १९९७. प्रत्येक वर्षाची प्रदर्शित हिंदी चित्रपटांची पूर्ण यादी मिळवा आणि चित्रपटांना क्रमांक द्या. फोनवर यादृच्छिक आकडे काढून प्रत्येक वर्षातले दहा चित्रपट उचला. प्रत्येकातलं ध्वनिफितीच्या यादीतलं तिसरं गाणं घ्या. पहिलं नको, कारण हुकमी गाणं बरेचदा पहिलं लावलेलं असतं. तीस गाणी झाली. हेच आजच्या दशकातल्या तीन वर्षांसाठी करा. मात्र अलीकडे बरंच चांगलं संगीत चित्रपटाबाहेर येतं, ते या यादीत पडत नाही. दावा फक्त चित्रपटगीतांपुरता असेल तर ठीक. ‘लोकप्रिय संगीत’ म्हणत असाल तर आजच्या बाजूला स्वतंत्र गाण्यांची वेगळी यादी जोडा, आणि नव्वदीच्या बाजूला त्या काळातले इंडिपॉप अल्बमही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे गाणं सापडलं नाही की त्याऐवजी ओळखीचं दुसरं घेणं. तसं करू नका. ‘सापडलं नाही’ असं लिहा आणि पुढे जा. नव्वदीच्या तीस गाण्यांतली किती गाणी आज ऐकायलाही मिळत नाहीत, हा आकडाच बरंच काही सांगतो.

दुसरा नमुना तेव्हाच्या लोकप्रियतेचा. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर आणि नंतर विविध भारतीवर चाललेल्या ‘बिनाका गीतमाला’ या गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमाच्या वार्षिक याद्या १९९० च्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत मिळतात. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची मतं यांवर त्या बेतलेल्या असत, त्यामुळे लोक तेव्हा खरोखर काय ऐकत होते ते त्यात दिसतं. १९९३ च्या यादीत सर्वांत वर आहे ‘चोली के पीछे क्या है’. त्याच गाण्यावर अश्लीलतेचा आरोप झाला होता आणि बंदीसाठी प्रकरण कोर्टात गेलं होतं. ‘तेव्हाची गाणी सभ्य होती’ असा दावा करणाऱ्यासमोर ही यादी नुसती ठेवावी, भाष्य करू नये. गाणं म्हणून ते उत्तम बांधलेलं आहे हे नव्वदीच्या बाजूने कुणी म्हटलं, तर तेही खरं आहे. पण मग दावा सभ्यतेचा राहिला नाही.

उलट बाजूही पाहा. ‘अंदाज अपना अपना’ नोव्हेंबर १९९४ ला आला आणि चालला नाही. त्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’ने गल्ल्याचे विक्रम मोडले. आज ज्याचे संवाद लोक तोंडपाठ म्हणतात तो पहिला. म्हणून ‘तेव्हा चाललेलं’ आणि ‘आज लाडकं असलेलं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. एका रकान्यातलं उदाहरण दुसऱ्याच्या बाजूने वापरायला बंदी.

ऐकवायचं कसं

पूर्ण गाणं लावू नका. मुखडा, मधलं संगीत आणि पहिला अंतरा एवढं पुरे, साधारण दोन-अडीच मिनिटं. नव्वदीतली गाणी लांब असतात. आरंभीचं संगीतच कधी कधी मिनिटभर चालतं, म्हणून घड्याळ गायन सुरू झाल्यापासून लावा.

आवाजाची पातळी सारखी करणं अत्यावश्यक आहे. दोन गाण्यांत जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला उजवं वाटतं, आणि अलीकडची गाणी ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यात जास्त दाबून मोठी केलेली असतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ नावाचा इफेक्ट आहे. सगळ्या तुकड्यांना तो उणे १८ एलयूएफएसवर लावा (एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक). उणे १४ वर लावाल तर जुन्या ध्वनिमुद्रणातले ढोलकीचे किंवा तबल्याचे ठोके छपराला लागतील आणि आवाज फाटेल, कारण त्यांत हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर जास्त असतं. मग ‘जुनं रेकॉर्डिंग खराब’ असा फुकटचा शेरा पडतो.

मूळ आवृत्तीच आहे ना हेही पाहून घ्या. जुन्या गाण्यांच्या ‘झंकार’ आवृत्त्या, म्हणजे वरून ठेका चिकटवलेल्या, नेटवर मुबलक आहेत. मूळ ढोलक आणि त्यावर चढवलेला यांत्रिक ठेका यांत क्षणभर मागेपुढे होत असेल तर ती झंकार समजा. याशिवाय दुसऱ्याच गायकाच्या आवाजात भरलेल्या ‘व्हर्जन’ कॅसेटही त्या काळात भरपूर निघाल्या. त्या मूळ म्हणून खपतात.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. साल आणि चित्रपट सांगू नका. पूर्ण गुप्तता जमणार नाही, सिंथेसायझरचा पोत ऐकून जाणकार दहा सेकंदांत साल सांगतात. तरीही नाव न सांगण्याने बराच फरक पडतो.

गुणपत्रक

पाच रकाने: शब्द, चाल, गायन, वाद्यसंयोजन, आणि ‘उद्या आपणहून लावाल का’. प्रत्येकी १ ते ५. त्याशिवाय दोन रकाने गुणांबाहेरचे: ‘आधी ऐकलं आहे का’ आणि ‘हे आलं तेव्हा तुमचं वय’. सगळा निकाल याच दोन रकान्यांत दडलेला असतो.

माणसाला आयुष्यातली साधारण दहा ते तीस या वयातली आठवण इतर काळापेक्षा जास्त राहते, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात, ऐकणारा साधारण २४ वर्षांचा असताना आलेली गाणी त्याला सर्वाधिक आवडतात असं आढळलं होतं. शिवाय नुसतं वारंवार कानावर पडल्यानेही आवड वाढते. झायन्स यांनी १९६८ मध्ये हे दाखवलं. एकच वाहिनी असलेल्या घरात एक गाणं किती वेळा कानावर पडत असेल याचा अंदाज करा.

म्हणून गुणांची बेरीज करताना आधी ऐकलेली आणि न ऐकलेली गाणी वेगळी करा. सरासरी काढू नका. गुण चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, नाहीतर एखादं ‘रोजा’तलं गाणं सगळ्या दशकाला वर ओढतं. नव्वदी फक्त ऐकलेल्या गाण्यांत पुढे असेल तर ती आठवणीची जीत. न ऐकलेल्यांतही पुढे असेल, विशेषतः २००० नंतर जन्मलेल्यांच्या गुणपत्रकात, तर दाव्यात दम आहे. रकाने वेगवेगळेच वाचा. गायन आणि चाल यांत एक निकाल आणि वाद्यसंयोजनात उलटा निकाल लागला तर दोन्ही लिहून ठेवा, एकत्र करून बरोबरी दाखवू नका.

तोंडी वादाचे नियम

गटात १९८५ पूर्वी जन्मलेले किमान दोन आणि २००० नंतरचे किमान दोन हवेत. सगळे चाळिशीचे असतील तर ती आठवणींची मैफल, वाद नव्हे. तीही करावी, पण निकाल काढू नये. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.

‘जोडीचा नियम’ ठेवा: कुणीही एक उत्कृष्ट उदाहरण दिलं की त्याच वर्षीचं, आज कुणालाही न आठवणारं एक उदाहरणही त्यानेच द्यायचं. याने बढाया आपोआप कमी होतात.

‘हल्ली सगळे रिमेक आणि रिमिक्स’ हा मुद्दा येणारच. तो मांडणाऱ्याला थांबवू नका, पण तपासा. ‘बनवाबनवी’ची गोष्ट १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली. १९८५ चा ‘धूमधडाका’ ‘प्यार किये जा’वरून, आणि तोही एका तमिळ चित्रपटाचा रिमेक. ‘तू चीज़ बड़ी है मस्त मस्त’ या १९९४ च्या गाण्याला आधार नुसरत फतेह अली खान यांच्या ‘दम मस्त कलंदर’चा. उसनवारी तेव्हाही होती. ती शोधायला बोटाखाली सर्च नव्हता एवढंच. खरी तुलना करायची तर उसनं घेऊन त्यात काय भर घातली यावर करा. त्यात ‘बनवाबनवी’ अजूनही भल्याभल्यांना भारी पडेल.

मराठी चित्रपटांबद्दल बोलताना नव्वदीवाल्यांनी जरा जपून. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला ‘श्यामची आई’नंतर थेट ‘श्वास’ला मिळाला, म्हणजे नव्वदीचं सगळं दशक कोरडं. पुरस्कार हे एकमेव माप नाही हे मान्य, पण मग प्रतिवादात ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘दोघी’ अशी नावं यावीत. ‘माहेरची साडी’ला झालेली गर्दी हा लोकप्रियतेचा पुरावा, गुणवत्तेचा नव्हे.

‘ते गाणं आमच्या ताईच्या लग्नात वाजलं होतं’ असं कुणी म्हणालं तर खोडायच्या फंदात पडू नका. आठवणीच्या रकान्यात नोंदवा आणि पुढे चला. तसंच ‘सगळ्या घरांत एकाच वेळी तेच लागायचं’ हाही गुणवत्तेचा मुद्दा नव्हे, पण खरा मुद्दा आहे. त्याला ‘एकत्र पाहणं’ असा वेगळा मथळा द्या. या मथळ्याखाली नव्वदी निर्विवाद जिंकते, आणि तेवढं कबूल केलं की नव्वदीवाले बाकीच्या मुद्द्यांवर बरेच मऊ होतात.

मालिकांसाठी वेगळं माप

गाण्यांची रीत मालिकांना लागू पडत नाही. दूरदर्शनवरच्या आठवड्याला एक भाग असणाऱ्या मालिका १३, २६ किंवा ५२ भागांच्या हिशेबात लिहिल्या जात. ‘क्योंकि’ पहिल्या पर्वात, २००० ते २००८ मध्ये, १,८३३ भाग चालली. तेरा भागांची गोष्ट आणि हजारावर भागांचा रतीब यांची तुलना केली तर छोटी गोष्ट जिंकणारच. साप्ताहिकाला आजच्या वेब मालिकेसमोर उभं करा, दैनंदिन मालिकेला दैनंदिन मालिकेसमोर. पहिला भाग दाखवू नका, त्यावर सगळ्यांनीच मेहनत घेतलेली असते. साप्ताहिकाचा पाचवा आणि दैनंदिनाचा साठावा भाग घ्या, आणि दोन्हींचे मधलेच दहा मिनिटं दाखवा. नव्वदीतला भाग शीर्षकगीत कापून लावा. ते वाजलं की गुणपत्रक भरायच्या आधीच निकाल लागतो.