मिरगाआधीची सायकल: दिष्ट, लिंबू आणि खारा वारा

वेंगुर्ल्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चतुर्थी जवळ आली की पावसाळाभर पडवीत राहिलेल्या सायकली येऊ लागतात. चेन तांबडीलाल, मागच्या चाकाचं फ्रीव्हील गंजून धरलेलं. आणणारा हमखास म्हणतो, "कोणाची तरी दिष्ट लागली असतली." दिष्ट कसली? समुद्राचा खारा वारा लागलेला असतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, ती लोखंडावर धरून ठेवतं आणि मग गंज भराभर चढतो.

सर्वांत जास्त नुकसान मी लिंबू-मिरचीचं पाहिलंय. एका शाळकरी मुलीच्या नव्या सायकलीच्या हँडलला दर शनिवारी ताजं लिंबू बांधलं जाई. रस ओघळून नेमकं तिथलंच क्रोम उडालं, बाकी हँडल आरशासारखं! लिंबू बांधायचंच असेल तर दाराला बांधा. दसऱ्यालाही तेच. पूजा मीही करतो, पण चाकाजवळ नारळ फोडला की पाणी चेनवर उडतं, त्यातली साखर चिकटते, वर धूळ बसते. झेंडूचा हार सुकेपर्यंत लटकत ठेवला तर त्याखाली ओल राहते. संध्याकाळी हार उतरवा, गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मग कोरडं फडकं फिरवा.

शनिवारी तेल विकत आणू नये म्हणतात. मग शुक्रवारीच आणून ठेवा, पण मशीनचं तेल आणा. खोबरेल नको, थंडीतल्या पहाटे ते थिजतं आणि मळ धरतं. रॉकेल धुवायला उत्तम, पण तेलाच्या जागी घातलं तर आतलं होतं नव्हतं वंगणही धुऊन नेतं. चेन काढून रॉकेलमध्ये भिजवा, ब्रशने घासा, उन्हात वाळवा. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब पुरे. वरचं पुसून टाका. ब्रेक घासतो त्या रिमला मात्र तेलाचं बोटही लावू नका.

हवा सोडली की सायकलीला विश्रांती मिळते, हाही एक समज. बसलेल्या टायरवर सगळं वजन येतं आणि बाजूने चिरा पडतात. हवा भरलेलीच ठेवा. जमलं तर पडवीच्या वाशाला टांगा, पण पागोळ्यांचं पाणी उडणार नाही अशा बाजूला. ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. सीटवर पिशवी चालेल.

माझी आजी रिकामी कात्री चालवू देत नसे, भांडण होतं म्हणून. तोच नियम तिने पायडलला लावला होता. आजीचा शब्द मी कधी मोडला नाही, पण ती गेल्यावर ही एक गोष्ट सोडली, कारण बंद सायकलीला फिरण्यानेच वंगण सगळीकडे पोचतं. दर पंधरा दिवसांनी मागचं चाक उचलून हाताने पायडल फिरवा. तेव्हाच पंप मारा आणि चाकाच्या तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथे तेलाचं फडकं फिरवा, गंज तिथूनच सुरू होतो.

सीटची दांडी मिरगाआधी बाहेर काढून ग्रीस लावायला विसरू नका. नाहीतर ती आतच गंजून धरते, आणि भाद्रपदात तिच्यावर हातोडा चालवताना माझाच जीव कळवळतो.