सर्व्हर सॉफ्टवेअर बसवताना यूजर आणि परमिशनच्या या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवर काही बसवताना ‘परमिशन डिनाइड’ आलं की नवशिका हमखास एकच उपाय करतो: परमिशन बदलणारी कमांड, सीएचमॉड ७७७. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेलं असतं. एरर जाते, साइट उघडते, विषय संपतो. मला या सवयीची मनापासून चीड आहे, कारण ते निस्तरायला नंतर दुसऱ्याच कुणाला तरी बसावं लागतं.

७७७ म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळे, तिघांनाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. यात धोका सुरक्षेचा आहेच, पण अशी मोकळीक दिसली की काही सॉफ्टवेअर कामच नाकारतात. कुणालाही लिहिता येणारी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल मायएसक्यूएल हा डेटाबेस वाचत नाही; वॉर्निंग देऊन पुढे जातं. मग सेटिंग का लागत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

एका ओळखीच्या ऑफिसात सेंटओएस ७ या लिनक्सचा सर्व्हर होता. फोटो अपलोड होत नव्हते म्हणून तिथल्या मुलाने रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) होऊन सबंध ‘/व्हार’ डिरेक्टरीवर ‘-आर’ (आतल्या सगळ्यासकट) लावून ७७७ मारलं. अपलोड सुरू झालं. पोस्टग्रेस हा डेटाबेसही चालत राहिला, कारण तो परमिशनची तपासणी सुरू होताना करतो. पुढे कर्नल अपडेट झालं, मशीन रीबूट केलं आणि पोस्टग्रेस उठेना. त्याला डेटा डिरेक्टरी ७०० (फक्त मालकाला मुभा) लागते, आवृत्ती ११ पासून ७५० (ग्रुपला वाचायची मुभा) चालते. त्याहून मोकळी दिसली तर ते सुरूच होत नाही. दुरून लॉगिन करायची एसएसएच सर्व्हिसही उठेना. त्याची ‘/व्हार/एम्प्टी’मधली रिकामी डिरेक्टरी रूटखेरीज कुणाला लिहिता येत असेल तर तोही थांबतो. म्हणजे डेटाबेस बंद, आणि आत जायची वाटही बंद. होस्टिंगच्या वेब कन्सोलमधून शिरून ‘आरपीएम --सेटपर्म्स -ए’ चालवलं, तेव्हा पॅकेजच्या फाइलींच्या परमिशन जागेवर आल्या. पण अपलोड, लॉग, डेटाबेसच्या आतल्या फाइली पॅकेजच्या नसतात, त्या हाताने लावाव्या लागल्या. मुळात अपलोडच्या एका फोल्डरची मालकी अपाचे या वेब सर्व्हरच्या यूजरकडे दिली असती तर काम झालं असतं.

माझी पद्धत साधी आहे. आधी ‘पीएस ऑक्स’मध्ये सर्व्हिस कुठल्या यूजरने चालते ते बघायचं. मग ‘सुडो -यू’ लावून त्याच यूजरच्या नावाने ती फाइल वाचून बघायची. वाचता आली नाही तर पूर्ण पाथ देऊन ‘नेमआय -एल’ चालवायचं. ते पाथमधल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परमिशन एकाखाली एक दाखवतं. बहुतेक वेळा फाइल ठीकच असते. वरच्या एखाद्या डिरेक्टरीला ‘एक्स’ (चालवायची परमिशन) नसतो, आणि ‘एक्स’ नसेल तर आत जाताच येत नाही. उबुंटूत २१.०४ पासून नव्या यूजरचं होम ७५० असतं, म्हणून होममध्ये ठेवलेली साइट एनजिनएक्स या वेब सर्व्हरला दिसत नाही आणि ४०३ (‘परवानगी नाही’) एरर येतो. अशा वेळी होम उघडं करू नका. साइट ‘/एसआरव्ही’मध्ये हलवा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे सगळा कोड वेब सर्व्हरच्या यूजरच्या मालकीचा करणं. त्याला लिहायला फक्त अपलोड आणि कॅशे लागतं. बाकी कोड त्याने वाचावा एवढंच. नाहीतर ॲपमध्ये एक भोक सापडलं की हल्लेखोर तुमच्याच फाइलींत आपला कोड घालतो.

बाकीचं थोडक्यात. यूजरला ग्रुपमध्ये घालताना ‘यूजरमॉड -एजी’ लिहा. ‘ए’ विसरलात तर त्याचे आधीचे जोडग्रुप जातात, रूटचे अधिकार देणारा सुडो ग्रुपसुद्धा. ग्रुप बदलल्यावर पुन्हा लॉगिन करा, त्याशिवाय तो लागू होत नाही. प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचा सिस्टिम यूजर द्या, शेल ‘नोलॉगिन’ ठेवा, म्हणजे त्या नावाने कुणाला लॉगिन करता येत नाही. पोर्ट ८० (वेबचा नेहमीचा, साध्या यूजरला सहसा न मिळणारा) हवा म्हणून ॲप रूटने चालवू नका, पुढे एनजिनएक्स ठेवा. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या ग्रुपमध्ये कुणाला घालणं म्हणजे त्याला रूट देणंच आहे, हे समजून घाला.

आणि रेड हॅटच्या घराण्यातलं (सेंटओएससारखं) मशीन असेल, परमिशन बरोबर असूनही अडत असेल, तर एसईलिनक्स बघा, म्हणजे परमिशनखेरीज फाइलींची लेबलं तपासणारी सुरक्षा. होममधून ‘एमव्ही’ने आणलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते. लेबल पुन्हा नीट लावायला ‘रिस्टोअरकॉन’ चालवा. एसईलिनक्स बंद करून मोकळं होऊ नका.