शेतात सापडलेले झिजलेले रोमन नाणे : ओळख, निगा आणि नोंद

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून रोमन जगाशी व्यापार करणाऱ्या भडोचच्या बंदराकडे माल जात असल्याचे लिहिले आहे. त्यामुळे या गावांच्या शिवारात एखादे रोमन नाणे निघाले तर नवल नाही. संरक्षित स्थळाच्या हद्दीत मेटल डिटेक्टर फिरवूच नये. आपल्या रानात, विशेषतः जुन्या वस्तीच्या पांढरीत, असे नाणे दिसले तर ते उचलण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि खोली, गट क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. अभ्यासकाला झिजलेल्या नाण्यापेक्षा ही टिपणेच अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावून चांदी उजळवण्याचा मोह आवरावा, कारण झिजलेल्या नाण्यावर उरलेला पुसट उठाव एका घासणीतही जाऊ शकतो. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सुटेल तेवढीच माती मऊ ब्रशने काढावी. चुनखडीचा थर नखाने खरवडू नये.

आता ओळख. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा उजेड अगदी आडवा धरून नाणे सावकाश फिरवले, की सपाट वाटणाऱ्या पृष्ठावर नाक, हनुवटी आणि डोक्यावरच्या पानांच्या मुकुटाची रेषा सावलीतून वर येते. मागे आसनावर बसलेली स्त्री असेल तर नाणे बहुधा रोमन सम्राट तिबेरियसचे, आणि ढाल-भाल्यांसह उभे दोन तरुण असतील तर सम्राट ऑगस्टसचे समजावे. भारतात हे दोन प्रकार पुष्कळ मिळतात. फसगत होते ती व्हिक्टोरिया राणीच्या घासलेल्या पावलीमुळे. पावलीचे मूळ वजन २.९२ ग्रॅम, तर या दिनारियसचे, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याचे, सुमारे ३.७ ते ३.९ ग्रॅम असते. शिवाय पावली नेमकी गोल व कडेला दातेरी असते, तर हातोड्याने पाडलेल्या रोमन नाण्याची कड साधी आणि गोलाई ओबडधोबड असते. सोनाराच्या काट्यावर वजन अवश्य करावे; नाणे मात्र त्याच्याकडे ठेवू नये.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. तो दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जात वस्तूचे वर्णन, संख्या, ठिकाण व तारीख नमूद करावी, सोबत छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी.