जुना आय७ की नवा आय३? पैसे मोजण्याआधी प्रोसेसरची तुलना अशी करा

दुकानदार विचारतो, "आय५ दाखवू की आय७?" (आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची चढती नावं.) या प्रश्नाला उत्तर देऊ नका, कारण तो अर्धाच प्रश्न आहे. कुठल्या सालचा आय७, हे कळेपर्यंत त्या सातला काडीची किंमत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय आणि पुण्यात तपकीर गल्लीत काय, "आय७, सोळा जीबी, एसएसडी" एवढ्या मंत्रावर जुनी मशिनं हातोहात खपतात. घेणारा खूश, देणारा त्याहून खूश. हा लेख घेणाऱ्यासाठी आहे.

सोयीसाठी एक जोडी धरून चालू. एकीकडे इंटेलचा कोअर आय७-४७७०, साल २०१३. कंपन्यांनी काढून टाकलेल्या डेस्कटॉपमध्ये हा आजही सर्रास मिळतो. दुसरीकडे कोअर आय३-१२१००, साल २०२२. दोघांनाही चार कोअर (चिपमधले काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या ओळी). पहिल्याचा वेग ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.३ ते ४.३. कागदावर जुळी भावंडं वाटतात, आणि नावावर गेलात तर मोठा भाऊ आय७ ठरतो.

काम ठरवा

टॅली आणि ब्राउझर, की व्हिडिओ एडिटिंग आणि कोडिंग? एका ओळीत लिहून खिशात ठेवा. पुढे लागेल.

पूर्ण नाव मिळवा

"आय५ आहे, लेटेस्ट आहे" हे नाव नव्हे. शेवटच्या अक्षरापर्यंत मॉडेल नंबर हवा. जाहिरातीत नसेल तर फोटो मागवा: टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की वर उजवीकडे नाव दिसतं. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर पुढचा विक्रेता बघा.

इंटेलच्या जुन्या पद्धतीत शेवटचे तीन आकडे झाकले की उरते ती जनरेशन, म्हणजे पिढी. ४७७० म्हणजे चौथी, १२१०० म्हणजे बारावी. लॅपटॉपच्या नव्या चिपांत मात्र हा नियम फसतो. आय५-११३५जी७ हा पहिल्या जनरेशनचा नाही, अकराव्या आहे, आय३-१२१५यू बाराव्या. चार आकडी नंबर एकने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे धरायचे.

शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, एच म्हणजे जाड लॅपटॉपमधला दमदार. टी म्हणजे ३५ वॉटचा, चपट्या मिनी पीसीतला. आय५-८५०० आणि आय५-८५००टी यांचा बेस (म्हणजे मूळ) वेग अनुक्रमे ३ आणि २.१ गिगाहर्ट्झ आहे, आणि विकताना हा टी हमखास गाळला जातो. डेस्कटॉपवर एफ दिसला तर चिपमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घेतलं नाही तर मॉनिटर काळाच राहणार.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिची गंमत निराळी. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू हे तिन्ही एकाच मालिकेतले वाटतात. पण या मालिकेत आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो: (झेन हे एएमडीच्या रचनांचं नाव) दोन म्हणजे झेन २, तीन म्हणजे झेन ३ घराणं, चार म्हणजे झेन ४. झेन २ बाजारात आली २०१९ साली. म्हणजे डब्यावर सात हजारी नंबर, आत २०१९ची रचना. त्याआधीच्या मालिकेतही अशीच सरमिसळ: ५५००यू झेन २, ५६००यू झेन ३. इंटेलनेही २०२३च्या अखेरीस नावातला आय काढून कोअर आणि कोअर अल्ट्रा अशा दोन ओळी केल्या. साध्या कोअरमधला १२०यू अंगानं तेराव्या जनरेशनचाच भाऊ आहे. नवीन नाव दिसलं की नवीन चिप असं समजायचे दिवस गेले.

गिगाहर्ट्झ विसरा

इंटेलचा पेंटियम ४ शेवटी ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला होता, आणि २००६ साली आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याला धूळ चारली. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके; एका ठोक्यात चिप किती काम उरकते यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते डब्यावर छापत नाहीत. एकाच घराण्यातल्या दोन चिपा सोडल्या तर गिगाहर्ट्झची तुलना करूच नका.

गुणांची तुलना: खरी गोम इथे आहे

आतापर्यंतचं सगळं दहा मिनिटांचं काम. बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, गुण वाचणं मात्र मला नीट जमायला बराच काळ लागला, आणि रोज लोक इथेच फसताना पाहतो. म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट: गुण दोन असतात, एक नव्हे. एक सिंगल थ्रेडचा, म्हणजे एकटा कोअर किती चपळ आहे याचा. दुसरा मल्टी थ्रेडचा, म्हणजे सगळे कोअर मिळून किती ओझं उचलतात याचा. ब्राउझर, एक्सेल, टॅली, फाइल उघडणं-बंद करणं यांत जाणवतो तो मुख्यतः पहिला. व्हिडिओ एक्सपोर्ट, मोठा कोड कंपाइल करणं यांत दुसरा. खिशातली ओळ काढा आणि ठरवा कुठला आकडा तुमचा. पासमार्क या चाचणीच्या यादीत आपली जोडी पाहिली तर आय७-४७७०ला मल्टीमध्ये साधारण सात हजार गुण आहेत आणि आय३-१२१००ला जवळपास दुप्पट. सिंगलमध्ये आय३ सुमारे दीडपट पुढे आहे. मोठ्या भावाचं मोठेपण इथे संपलं.

पण कोअर जास्त असलेली मधल्या काळातली चिप समोर आली की चित्र फिरतं. तिचा मल्टीचा आकडा भरघोस दिसतो, सिंगलचा मात्र नव्या स्वस्त चिपपेक्षा कमी. टॅली चालवणाऱ्याने तो भरघोस आकडा बघून पैसे टाकले तर ते पाण्यात. घरातल्या साध्या कामाला सिंगल थ्रेड आधी, मल्टी नंतर, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट: एकाच चाचणीची एकच आवृत्ती. गीकबेंच या चाचणीच्या पाचव्या आवृत्तीची मोजपट्टी आय३-८१००ला हजार गुण धरून आखली होती. गीकबेंच ६ची आय७-१२७००ला अडीच हजार धरून. म्हणजे पाचव्या आवृत्तीतले १२०० आणि सहाव्या आवृत्तीतले १२०० यांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी लोक एका व्हिडिओतला जुना आकडा आणि दुसऱ्या लेखातला नवा आकडा शेजारी मांडून भांडत बसतात. सिनेबेंच या चाचणीच्या आर२० आणि आर२३ आवृत्त्यांचंही तेच. दोन्ही चिपांचे गुण एकाच ठिकाणाहून, एकाच आवृत्तीचे घ्या. आणि "अमुक चिप तमुकपेक्षा ३७ टक्के सरस" असा एकच निकाल देणाऱ्या साइट्स बंद करा. कशाचे ३७ टक्के, हे त्या सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक, आणि ती लॅपटॉपची. एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळी जनावरं असतात. चिपला किती वीज खाऊ द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आय५-११३५जी७चंच पाहा. इंटेलच्याच माहितीनुसार त्याला २८ वॉट दिले तर बेस वेग २.४ गिगाहर्ट्झ, आणि १२ वॉटवर बांधला तर ०.९. नाव तेच, स्टिकर तोच. त्यामुळे यादीत प्रोसेसरच्या नावापुढे जो गुण दिसतो तो शेकडो निरनिराळ्या लॅपटॉपांची सरासरी असतो. तुम्ही घेताय तो पंख्याविना चालणारा, कागदासारखा पातळ लॅपटॉप त्या सरासरीच्या आसपासही नसेल. म्हणून लॅपटॉप घेताना प्रोसेसरचं नाव शोधू नका, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि सोबत चाचणीचं नाव टाकून शोधा. त्या मॉडेलचे गुण मिळाले नाहीत तर यादीतला आकडा म्हणजे वरची मर्यादा समजा आणि तेवढ्यावर जास्त पैसे देऊ नका.

चौथी: पहिल्या मिनिटाला भुलू नका. आजच्या चिपा थंड असताना काही सेकंद ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, उसळी घेतात आणि तापल्या की खाली बसतात. छोटी चाचणी ही उसळीच मोजते. फोटो उघडायचा असेल तर उसळी पुरते. तासाभराच्या लेक्चरचा व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा असेल तर खाली बसल्यानंतरचा वेग तुमचा. सिनेबेंच आर२३ला दहा मिनिटं सलग चालवायची सोय आहे, ती याचसाठी. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडा आणि कोअरचा वेग व तापमान बघत बसा. सुरुवातीला ३.८ आणि दहाव्या मिनिटाला १.९ असं दिसलं तर विक्रेत्याशी त्या १.९च्या हिशेबाने बोला. जुन्या मशिनमध्ये पंख्यात धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) हे नेहमीचं कारण असतं. साफसफाईने वेग बराच परत येतो, पण ती आधी विक्रेत्याकडून करून घ्या, मग पैसे द्या. चाचणी एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून करा. काही लॅपटॉप बॅटरीवर आले की निम्म्यावर येतात.

पेनड्राइव्हवर हे दोन प्रोग्रॅम घेऊनच दुकानात जा. "असं काही चालवू देत नाही" म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडा.

आता या सगळ्या आकड्यांचं करायचं काय? वीस टक्क्यांपर्यंतचा फरक रोजच्या कामात कळतही नाही. तेवढ्यासाठी हजार रुपयेही जास्त मोजू नका. दीडपट फरक जाणवतो. दुप्पट असेल तर जुनी चिप फुकट मिळत असेल तरच विचार करा.

गुणांत न दिसणाऱ्या गोष्टी

विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची चिप लागते (सातव्यातले मोजके अपवाद आहेत), आणि एएमडीची साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढची. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे ४७७०वर एक तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, नाहीतर जुगाड करून विंडोज ११ बसवा आणि प्रत्येक मोठ्या अपडेटला देव पाण्यात घालून बसा. बँकेचे व्यवहार त्या मशिनवर करणार असाल तर मी जुगाडाच्या वाटेला जाणार नाही. लिनक्स चालत असेल तर मात्र हा मुद्दा बाद.

यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ स्वरूपात देतं. ते चिपमध्येच उलगडायची सोय इंटेलच्या अकराव्या जनरेशनच्या ग्राफिक्सपासून आली. त्याआधीच्या चिपांना ते काम कोअरवर घ्यावं लागतं, पंखा घोंघावतो आणि लॅपटॉपची बॅटरी उतरते.

४७७०ला डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते. पुढे मशिन बदललं तर ती रॅम तुमच्यासोबत येणार नाही. लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची जोडलेली) आहे का ते विचारा. असेल तर आठ जीबीवाला घेऊच नका, प्रोसेसर कितीही नवा असो.

वापरलेला डेस्कटॉप आय७ किंवा आय९, तेराव्या-चौदाव्या जनरेशनचा, स्वस्तात मिळत असेल तर थांबा. जादा व्होल्टेजमुळे यातल्या काही चिपा हळूहळू अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ साली मान्य केलं, मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्तीआधी झालेली झीज भरून येत नाही. बिल आणि वॉरंटी हातात नसेल तर नको.

भाव

चिपेशी चिपेची किंमत लावू नका, पूर्ण मशिनशी पूर्ण मशीन लावा. जुन्यात एसएसडी, रॅम, नवी बॅटरी, साफसफाई यांचा खर्च मिळवा. माझा नियम सोपा आहे: आठव्या जनरेशनच्या खालच्या मशिनला पैसे द्यायचे नाहीत. कोणी दिलं तर घ्या, लिनक्स टाका, मुलांना शिकायला द्या. आठवी-नववी, त्यातही आय५-८५००सारखा सहा कोअरचा डेस्कटॉप, नव्या आय३ मशिनच्या निम्म्या भावात आला तर बिनधास्त घ्या. त्यापेक्षा वर भाव गेला की नवा आय३ घ्या, वॉरंटीसकट.

डेस्कटॉप सुटा जोडून घेत असाल तर एक काम दुकानातच उरका. एलजीए १७०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) जुन्या बोर्डांवर, म्हणजे एच६१० किंवा बी६६० वगैरेंवर, बारावी जनरेशन लगेच चालते. तेरावी-चौदावी बसवायची तर आधी बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) अपडेट लागतो. तो तिथेच करून घ्या, स्क्रीनवर प्रोसेसरचं बरोबर नाव आलेलं बघा आणि मगच बिलावर मदरबोर्ड आणि प्रोसेसरचे सीरियल नंबर लिहून घ्या.